खिडकीतले दोन कप

९ सप्टेंबर २०१४, मंगळवार
परवा इटलीहून परत आलो. बॅगेत मळके कपडे आणि वहीत तीन देश. आज ऑफिसात पहिली कॉफी ओठाला लागते न लागते तोच पालिकेच्या सभापती मार्लीनबाई दारात उभ्या. "झाली का युरोपयात्रा? आता आम्हाला प्रसाद कधी?"

प्रसाद म्हणजे अहवाल. जानेवारीपासून म्हाताऱ्या माणसांच्या घरकामाची मदत वरून, म्हणजे हेगमधल्या आमच्या सरकारकडून, येणार नाही. ती पालिकेने बघायची. म्हणजे घरोघर जायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, तुमचं तुम्हाला काय जमतं आणि बाकीचं कोण करील ते विचारायचं, आणि उरेल तेवढीच मदत द्यायची. ऑफिसात याला आत्ताच 'टेबलभेट' म्हणायला लागलेत. दुसरे देश हे कसं निभावतात ते बघायला मला पाठवलं होतं.

बघितलं ते असं. डेन्मार्कात फ्यून बेटावर बिर्गिट नावाची बाई भेटली. ती गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे वर्षातून एकदा जातेच, कुणी बोलावो न बोलावो. 'निभतंय का?' असं विचारत नाही. म्हणते, "मला जरा कॉफी करून द्या," आणि बघत बसते. मी म्हटलं, म्हणजे तुमचं सरकार घरोघरी फिरून कॉफी पितं. ती हसली नाही.

जर्मनीत हेर टेमे. आंघोळीला इतकी मिनिटं, केस विंचरायला इतकी, सगळं घड्याळावर. मदतीला लागणारी मिनिटं ठरलेल्या आकड्यापर्यंत भरली तर विमा मदत देतो. त्यांनी एक गंमत सांगितली. भेट ठरली की म्हातारी माणसं आदल्या दिवशी जीव काढून घर लखलखीत करतात, म्हणून ते आधी फ्रिज उघडून बघतात. परक्याच्या फ्रिजमध्ये डोकावणं मला काही बरं वाटलं नाही. वहीत लिहिलं नाही.

इटलीत सगळं कुटुंबावर. फेर्राराजवळच्या एका घरात सासरे आतल्या खोलीत, त्यांना उठवायला मोल्दोव्हाहून आणलेली एक बाई, आणि स्वयंपाकघरात ओर्नेला नावाची सून. ती मला म्हणाली, "अहवालात 'कुटुंब' असं लिहाल ना, तिथे नुसतं 'ओर्नेला' लिहा. तेवढंच खरं आहे."

तिघांचं ऐकताना मला सारखं आपलं ट्वेंट, देशाच्या पूर्वेचा हा आपला टापू, आठवत होतं. आपल्याकडे यातलं काही नको. आपल्याकडे शेजारधर्म आहे. अहवालाचा कणा मला सापडला.

२१ सप्टेंबर, रविवार
आईकडे, ओल्डेनहूकला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई एकटी राहते आणि घर आरशासारखं. दर गुरुवारी सकाळी तीन तास सरकारी मदतीतली योलांडा घरकामाला येते, अकरा वर्षं झाली.

आईला अहवालाचं सांगितलं. शेजारधर्माची जुनी गोष्ट तिच्याकडून पुन्हा वदवून घेतली. लग्न होऊन ती आणि बाबा इथे आले तेव्हा बाबा जिनची बाटली घेऊन लान्सिंकांकडे शेजार मागायला गेले. मागितल्याशिवाय शेजारी होत नाही इथे. त्या दिवसापासून लान्सिंक आमचे पहिले शेजारी. बाळंतपण असो, आजारपण असो, मयत असो, आधी ते धावणार. आणि त्यांच्याकडे काही झालं की आम्ही. आता तिथे हार्मकाका एकटेच आहेत, एकोणऐंशीचे. काकू गेल्या वर्षी गेल्या.

"तेव्हा मी त्यांच्याकडे काही नेलं नाही रे," आई एकदम म्हणाली. "मनुक्यांचा पाव भाजून न्यायला हवा होता. पीठच मळवलं नाही माझ्याच्यानं."

मी म्हटलं, त्यात काय, बेकरीतून आणून द्यायचा. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चर्चमध्ये शिवी दिली. या पिढीचं सगळंच अवघड.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पहिली टेबलभेट माझ्याच आईची झाली. मी मुद्दाम तिचं नाव दिलं. पालिकेच्या माणसाने आपल्या घरापासून सुरुवात केली म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. माझी सही चालणार नव्हती म्हणून ऑफिसातली फ्राउके आली. एकोणतीस वर्षांची, हुशार, जरा प्रश्न फार विचारते.

आईने निळा ठेवणीतला ड्रेस घातला होता. पडदे धुतलेले, चुलीपाशी एक डाग नाही. कॉफी थर्मासमध्ये आधीच करून ठेवलेली, कपात ओतायचं काम मला सांगितलं. फ्राउकेला इथल्या रीतीप्रमाणे एकच बिस्किट दिलं आणि डबा बंद केला, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं.

"तुमचं तुम्हाला जमतं का हो सगळं?" फ्राउकेने विचारलं.

"निभतंय माझं," आई म्हणाली.

"पायऱ्या, आंघोळ, स्वयंपाक?"

"निभतंय."

फ्राउकेने पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"घर तुमच्या डोळ्यांसमोर आहे," मी म्हटलं. आई माझ्याकडे बघून हसली. मला अभिमान वाटला तिचा.

फॉर्मवर पहिल्या चौकोनात खूण झाली: स्वतःचं निभतं. खाली मदत करणाऱ्यांची नावं. मी सांगितली. पहिला शेजारी, हार्म लान्सिंक. मुलगा, गुरुवारी, जमेल तसं.

"लान्सिंकांना विचारलंय?" फ्राउके.

"पहिल्या शेजाऱ्याला काय विचारायचं? साठ वर्षांपूर्वी विचारून झालंय."

गाडीत बसल्यावर फ्राउके म्हणाली, "तुमच्या आईंनी एकदासुद्धा खुर्ची सोडली नाही." मी म्हटलं, पाहुणी होतीस ना तू, तुझ्याशी बोलत बसली.

१८ डिसेंबर, गुरुवार
योलांडाचा आज आईकडचा शेवटचा दिवस. दुपारी तिचा ऑफिसात फोन. मी आधीच सावध झालो; अशा वेळी लोक आपल्या नोकरीसाठी बोलतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

"घर पुसायला मला एक तास लागतो साहेब," ती म्हणाली. "बाकीचे दोन तास मी बघते."

"काय बघता?"

"ते असं सांगता येत नाही. कुठला कप वापरतात, कुठला वापरायचा सोडला. एकदा येऊन बसा गुरुवारी, कळेल."

मी आभार मानले. वहीत नोंद केली: 'कामाचे स्वरूप अस्पष्ट.' आत्ता रात्री वाचताना ते जरा कोरडं वाटतंय, पण खरं तर तेच होतं.

८ जानेवारी २०१५, गुरुवार
गेलो. धूळ ओढायचं यंत्र फिरवलं, फरशी पुसली. आई मागून म्हणाली, "झाडतोयस की नांगरतोयस?" दोघं हसलो. हार्मकाकांना हात केला कुंपणावरून, त्यांनी टोपी उचलली. बोलायला वेळ झाला नाही. येताना सुपाचे पाच डबे तिच्या फ्रिजमध्ये ठेवले, घट्ट झाकणाचे, चांगले राहतात.

२२ जानेवारी, गुरुवार
जाता आलं नाही, उत्रेख्तला बैठक. गेल्या गुरुवारीही राहिलंच. फोन केला तर आईच म्हणाली, "तू कशाला धावपळ करतोस? हार्म येऊन गेला. खिडक्यासुद्धा पुसून दिल्या." बरं वाटलं. गंमत म्हणजे मी अहवालात बरोबर हेच लिहीत होतो, की सरकारने एक पाऊल मागे घेतलं की समाज एक पाऊल पुढे येतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
वाटेत होतो म्हणून आईकडे डोकावलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत, हार्मकाकांच्या घराकडे तोंड करून, दोन कप धुऊन पालथे ठेवलेले. म्हणजे काल हार्मकाका आले होते. विचारलं तर म्हणाली, "येतो की."

त्या कपांवर ऊन पडलं होतं. मी फोटो काढला. अहवालाच्या मुखपृष्ठाला याहून चांगलं काही मिळायचं नाही.

काचा मात्र धुरकट होत्या. शेताजवळच्या घरांचं हेच, पुसल्या की दोन दिवसांत तशाच. आई गार दूध-पाव खात होती. "गरम आवडत नाही आता." स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात. मी नीट केलं तर हात झटकला.

१२ मार्च, गुरुवार
एन्स्खेडेत मोठी सभा, सोळा पालिकांची माणसं. अहवालाचं नाव 'चार स्वयंपाकघरं'. पडद्यावर आईच्या खिडकीतले दोन कप, आणि सभागृहात कौतुकाची कुजबुज. मी सांगितलं: डेन्मार्कात सरकार येतं, जर्मनीत विमा येतो, इटलीत सून येते, आणि आपल्याकडे शेजारी येतो. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मार्लीनबाई खूश.

मागच्या रांगेतून एका बाईने विचारलं, "शेजारी आला नाही, तर ते कुणाला कळणार?"

"शेजाऱ्याला," मी म्हटलं. पुन्हा हशा. अशी उत्तरं मला नेहमी घरी गेल्यावर सुचतात, आज जागच्या जागी सुचलं.

२० मार्च, शुक्रवार
सकाळी दहाच्या सुमाराला खालच्या काउंटरवरून फोन आला. एक म्हातारे गृहस्थ भेटायला आलेत, काम काय ते सांगत नाहीत. खाली गेलो. हार्मकाका बाकावर बसले होते. काळा कोट, मांडीवर टोपी, हातात नंबरची चिठ्ठी. ४७. पडद्यावर ४४ चालू होता. चौदा किलोमीटर सायकल मारून आले होते, आणि आत आल्यावर दाराशी पाटी होती म्हणून त्यांनी चिठ्ठी घेतली आणि आपला नंबर यायची वाट बघत बसले.

मला पाहून उभे राहिले. "बेरेंड, तुझ्या घराचा पहिला शेजारी म्हणून सांगायला आलोय. तुझी आई गेली."

फोनवर सांगायचं नसतं. पहिल्या शेजाऱ्याने स्वतः दाराशी जाऊन सांगायचं असतं. त्यांनी ते सांगितलं.

बाकावर बसलो दोघं. कुणीतरी पाणी आणून दिलं. आज सकाळीही खिडकीत कुणी दिसलं नाही म्हणून ते गेले, मागच्या दाराने आत शिरले. ती चुलीपाशी पडलेली होती, किटली जमिनीवर. डॉक्टर म्हणाले, कालचं आहे. काल कधी, किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"काल बघितलं नाही तुम्ही?" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, लोक वळून बघायला लागले.

"बघितलं ना. काल खिडकीत कप नव्हते. म्हटलं, बेरेंडने आज गाडीतून फिरायला नेलं असेल."

"मी? पण गुरुवारी तर तुम्ही जायचात."

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मी कशाला जाईन? गुरुवार तुझा. ती सांगायची की मला कुंपणापाशी, बेरेंड आला होता, खिडक्या पुसून दिल्या, कॉफी घेऊन गेला. दोन कप दिसायचे मला. जिथे मुलगा येतो तिथे मध्ये पडू नये."

मी म्हटलं, "पालिकेच्या कागदावर तुमचं नाव आहे, काका."

"माझं? कुणी घातलं?"

काउंटरवर ४७ लागला. ते उठायला गेले, मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

२५ मार्च, बुधवार
काल मातीत ठेवली. पहिल्या शेजाऱ्याने रीतीप्रमाणे घरातलं घड्याळ थांबवलं, बाकीच्यांनी तिला कपडे घातले, खांद्यावर घेतलं, नंतरची कॉफी आणि पाव सगळं त्यांनीच बघितलं. मला एका खुर्चीलासुद्धा हात लावू दिला नाही. आमचा शेजारधर्म बिनचूक आहे, माणूस मेलं पाहिजे फक्त. हे रागाने लिहिलंय. त्यांच्यावरचा राग नाही तो.

योलांडा आली होती. कोपऱ्यात उभी राहिली, माझ्याशी काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर मी फ्रिज उघडला. माझे पाचही डबे जसेच्या तसे. झाकणाच्या एका कडेला चमच्याने उचकटायच्या खुणा होत्या, पाचांवरही. तिच्या हातांत जोरच राहिला नव्हता. ती पीठ मळू शकत नव्हती हे तिने मला सप्टेंबरातच सांगितलं होतं, आणि मी तिला बेकरी सुचवली.

हार्मकाकांकडे पाव नेता आला नाही, मग कुठल्या तोंडाने त्यांना हाक मारायची? देता येत नाही त्याने मागायचं नाही, एवढा साधा नियम इथला. मी इथेच जन्मलो. तो नियम मला सांगायला परक्या देशातून कुणी यायला नको होतं.

२ एप्रिल, गुरुवार
मार्लीनबाईंना म्हटलं, अहवाल मागे घ्यायचाय. त्यांनी दार लावलं, स्वतः कॉफी आणली.

"तुमच्या आईचं फार वाईट झालं, बेरेंड. पण मला एक सांगा. जुनं परत आणू म्हणता? सगळ्यांना सारखे तीन तास, ज्याला गरज आहे त्यालाही आणि ज्याची बायको तिथेच बसलीय त्यालाही? आणि दहा वर्षांनी म्हातारे दुप्पट होतील तेव्हा योलांडा कुठून आणू?"

त्यांचं चूक नव्हतं. बदल करायलाच हवा होता, हे मला आजही वाटतं. नेमकं तेच जास्त बोचतं. मी तिन्ही देश बघून आलो आणि कोण मदत करतं एवढंच लिहून आणलं. सरकार, विमा, सून, शेजारी. कोण बघतं, ते लिहिलंच नाही. बिर्गिट कॉफी करायला सांगायची, टेमे फ्रिज उघडायचे, ओर्नेला तर तिथेच होती. तिघांनीही मला तेच दाखवलं आणि तिघांनाही मी हसण्यावारी नेलं. आमच्याकडे बघणारी एक होती, गुरुवारची, तिला मी 'अस्पष्ट' म्हटलं.

मी दोनच गोष्टी मागितल्या. मुखपृष्ठावरचा फोटो काढा. आणि फॉर्मवरचा 'निभतं का' हा प्रश्न काढा, कारण ट्वेंटमध्ये त्याला एकच उत्तर आहे.

फोटो लगेच निघेल. प्रश्नासाठी समिती बसेल म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, समिती बसेल, पण तिला कुणीतरी कॉफी करायला सांगा. त्यांना कळलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार
जिनची बाटली घेऊन हार्मकाकांकडे गेलो. घर विकायचं नाही असं ठरवलंय, निदान इतक्यात नाही, म्हणून शेजार पुन्हा मागायला. खरं तर माफी मागायला, पण त्याची इथे काही पद्धत नाही.

बाटली त्यांनी टेबलावर ठेवली, उघडली नाही. त्यांच्या खिडकीत एकच कप पालथा होता. मी त्याच्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"मी एकच ठेवतो," ते म्हणाले. "मुलगी कॅनडात आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला दाखवायचं?"

"काका, माझ्यामुळे झालं."

"निम्मं तुझ्यामुळे." त्यांनी बाटली जरा बाजूला सरकवली. "निम्मं माझ्यामुळे. ती दोन कप कशाला ठेवते, हे मी एकदा तरी विचारायला हवं होतं. बायको गेल्यापासून मला तिच्या दाराशी जायला लाज वाटायची. रडू येईल म्हणून."

मी म्हटलं, मी गुरुवारी येत जाईन.

"जमेल तसं?" त्यांनी विचारलं. ते शब्द त्यांना कुणी सांगितले कोण जाणे. फ्राउके गेली असावी कागद घेऊन.

"दर गुरुवारी."

"ये. पण कागदावर लिहू नकोस."

१६ एप्रिल, गुरुवार
गेलो होतो. म्हटलं, काका, मला जरा कॉफी करून द्या.

बसलो आणि बघितलं. किटली उचलायला त्यांना दोन हात लागतात. डाव्या हाताचा अंगठा वळत नाही.